अप्पांच्या ताटात मीठ कोण घालतं?

‘‘खायचं काय ते सांगायचा पगार भेटतो व्हय तुम्हाला?’’

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आता मी ‘‘भेटतो की, बसा,’’ म्हणते आणि कामाला लागते. उमरग्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. दारावर तशी पाटी आहे, पण ती वाचून आजवर कुणी आत आलेलं नाही. डॉक्टर पाठवतात म्हणून लोक येतात. इथं इंजेक्शन नाही, सलाईन नाही, नुसत्या भाकरी-आमटीच्या चौकशा, हे बघून निम्मे जण नाराज होतात. उरलेल्या निम्म्यांना वाटतं, ही बाई आता आपल्या ताटातलं सगळं काढून घेणार.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. लोहाऱ्याजवळच्या खेड्यातून लातूरला गृहविज्ञान शिकायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, ‘‘सैपाक शिकाया लातूरला कशापायी? म्या काय मेले का?’’ शाळेतल्या आमच्या बाईंनी घरी येऊन वडिलांना समजावून सांगितलं म्हणून माझं शिक्षण झालं. आज जे दोन घास खाते ते त्या बाईंच्या आणि वडिलांच्या जिवावर. लोकांच्या घासावरच माझं पोट चालावं, ही गंमतही त्यातलीच.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते रक्तदाबाचे रोगी. डॉक्टर गोळ्या देतात. वजन, चालणं, मीठ, तेल हे माझ्याकडे. तुम्ही किती मीठ खाता, असं विचारून काहीही कळत नाही. ‘‘बेतानंच खातो’’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून मी रोग्याला सोडून घरातल्या बाईला विचारते, मिठाची पुडी किती दिवस पुरते आणि खाणारी तोंडं किती. शिवाय आमच्या भागात खरं मीठ भाजीत नसतंच. ते असतं तोंडी लावण्यात. शेंगाची चटणी, ठेचा, खारातली मिरची, पापड, आणि वरून मीठ घातलेलं ताक. एका आजीबाईंनी मला छातीवर हात ठेवून सांगितलं, की त्यांनी मीठ कायमचं सोडलंय. खोदून विचारलं तर रोज सैंधव चालू. म्हटलं, ‘‘आजी, तेही मीठच.’’ तर म्हणाल्या, ‘‘आगं, उपासाला चालतंय ते! उपासाला चालतंय त्ये मीठ कसं आसंल?’’

अलीकडे मोबाईलवर बघून ‘नैसर्गिक’ उपाय करणारे वाढलेत. मी त्यांची चेष्टा करत नाही, कारण आहारावर माझा स्वतःचाच विश्वास आहे. मीठ कमी केलं, वजन उतरलं, रोज चाललं तर रक्तदाब खाली येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. काहींच्या गोळ्या डॉक्टरांनी कमीही केल्यात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नव्हे. व्हिटामिनच्या गोळ्यांचंही तसंच. शरीरात जे कमी असेल ते त्या भरून काढतात. रक्तदाब उतरवणं हे त्यांचं काम नाही. एवढी साधी गोष्ट, पण ती न कळल्यामुळं एका माणसाच्या जिवावर बेतलं आणि एका पोरीचा संसार मोडायला आला. ते प्रकरण सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय.

कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावचे ते मोठे शेतकरी. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं. कपाळावर भस्म, अंगात पांढरी शुभ्र बाराबंदी, बोलणं थोडं आणि ठाम. वरचेवर डोकं दुखतं म्हणून ते आमच्या डॉक्टरांकडे येऊ लागले. अप्पा यायचे ते मंगळवारी, आणि दर मंगळवारी रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग आणखी एक नवी सुरू केली, आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं.

अप्पांसोबत त्यांच्या पत्नी असायच्या. त्यांना सगळे अव्वा म्हणत. मी नेहमीसारखं मिठाचं विचारलं. अव्वांनी सगळं खरं सांगितलं. घरात मीठ भरपूर होतं. मी समजावलं : अप्पांच्या ताटात चटणी नको, पापड नको, आमटीत मीठ चिमटीनं. अव्वांनी ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, ‘‘सैपाक सून करती. तिनं न्हाय ऐकलं तर?’’

मी सहज म्हणाले, ‘‘तिलाही घेऊन या एकदा.’’

सुनेला त्यांनी आणलं नाही. पण माझं सांगणं घरी पोचलं ते असं पोचलं, की अव्वांनी मिठाचा डबा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. सून आमटी करणार आणि मीठ सासू घालणार. थोरला मुलगा बसवराज, म्हणजे त्याच सुनेचा नवरा, एकदा औषधं न्यायला आला, तेव्हा त्यानं हे हसत हसत सांगितलं. ‘‘म्याडम, आमच्या घरात सोनं उघड्यावर आन् मीठ कुलपात!’’ मीही हसले.

पुढच्या मंगळवारी रक्तदाब पुन्हा वर. त्याच्या पुढच्या मंगळवारी नाकातून रक्त आलं. डॉक्टर मला म्हणाले, ‘‘एवढ्या औषधांवर असं व्हायला नको. खाण्यात काहीतरी जातंय. शोधा.’’ मी खोलीत बसून अव्वांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि त्यांचा चेहरा कठीण होत गेला.

‘‘म्या सांगू का?’’ त्या म्हणाल्या. ‘‘माज्या पाठीमागं घालती ती. माहेराहून मीठ आणून ठिवलं आसंल. गेल्या दिवाळीला मी तिला बोलले होते, त्याचा राग काढती म्हाताऱ्यावर.’’

अप्पा शेजारीच बसले होते. भिंतीकडे बघत होते. एक शब्द बोलले नाहीत.

मी सांगितलेलं मीठ आता एका पोरीच्या गळ्याशी आलं होतं. म्हटलं, ‘‘अव्वा, असं पुराव्याशिवाय...’’

‘‘पुरावा ह्यो काय नाकातनं वाहतोय की!’’

चार दिवसांनी दवाखान्यात फोन आला. पलीकडे एक बारीक आवाज. ‘‘म्याडम, मी सुवर्णा. अप्पांची सून. तुम्ही आमच्या घरी येऊन एकदा जेवून बघता का? सोमवारी माझे वडील मला न्यायला येणारेत. अव्वांनी बोलावून घेतलंय त्यांना. आता परत आणणार नाहीत म्हणतेत मला.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘मी मीठ घालत नाही हो.’’

रोग्याच्या घरी जेवायला जायचं, असं माझ्या नोकरीत कुठंही लिहिलेलं नाही. तरी मी गेले. डॉक्टरांना सांगून रक्तदाबाचं यंत्र पिशवीत घेतलं आणि सोमवारी दुपारी जीपनं त्या गावी उतरले.

वाड्यावस्तीवर सगळी सामसूम होती. आडवं औत, मोकळं जू. अप्पांच्या दारात दोन पांढरे बैल धुऊन बांधलेले. पुढ्यात पेंड भिजवून ठेवलेली. घरी ट्रॅक्टर असूनही अप्पांनी ही जोडी ठेवली होती. आमच्या या हद्दीकडच्या गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, वार. कितीही घाईची पेरणी असो, सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवणाऱ्याला गाव नाव ठेवतं. मला हे लहानपणापासून माहीत होतं, म्हणून त्यात नवल असं काही वाटलं नाही.

ओसरीवर अप्पा खाटेवर बसले होते. बाजूला सतरंजीवर एक सडपातळ गृहस्थ टोपी हातात धरून अवघडून बसलेले. ते सुवर्णाचे वडील, आळंदकडून सकाळीच आले होते. दाराशी कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. मी कोण ते कळल्यावर ते उठून उभे राहिले आणि माझ्यासमोरच हात जोडू लागले. ‘‘म्याडम, ल्हान हाय पोरगी. चुकलं आसंल. माफी मागतो मी.’’

‘‘तुम्ही बसा आधी,’’ मी म्हणाले. ‘‘मी जेवायला आलेय.’’

अव्वांना ते आवडलं नाही, पण दारात आलेल्या माणसाला जेवायला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सुवर्णानं ताट वाढलं. पंचविशीची असेल. डोळे सुजलेले. कडक भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण. मी पहिला घास घेतला, मग वरण प्यायले. नुसतं अळणी. जिभेला मिठाचा स्पर्श नाही.

‘‘अव्वा,’’ मी म्हणाले, ‘‘हिनं मीठ घातलेलं नाही.’’

‘‘आज तुमी येणार व्हता म्हणून तिनं न्हाय घातलं.’’

सुवर्णा खाली बघत उभी होती. तिच्या वडिलांनी पिशवी स्वतःकडे ओढली. निघायची वेळ झाली होती.

तेवढ्यात अप्पांनी हाक मारली, ‘‘बसव्या, पाणी आन.’’ बसवराजनं पेला आणला. अप्पांनी उशाच्या डबीतून दोन मोठ्या गोळ्या काढून पाण्यात टाकल्या. फेस उसळला. केशरी रंगाचं पाणी झालं. ते त्यांनी घटाघटा पिऊन टाकलं.

‘‘हे काय घेताय अप्पा?’’

‘‘व्हिटामिन,’’ बसवराज म्हणाला. ‘‘सोलापूरहून आणतो मी. मोबाईलवर बघितलं होतं, बीपीवाल्यांनी घ्यावं म्हणून. अप्पांना आवडतं. रोज नाही घेत, सोमवारीच घेतात. मग दिवसभर चार-सहा पेले चालतेत.’’

मी डबी हातात घेतली. बारीक अक्षर होतं. पाण्यात टाकल्यावर फेस यावा म्हणून अशा गोळ्यांत सोडा असतो, आणि मिठातला जो भाग रक्तदाब वाढवतो तोच त्या सोड्यातही असतो. ताटातलं मीठ कुलपात गेलं होतं आणि पेल्यातून दिवसभर खार पोटात चालला होता. पण तरी हिशेब जुळेना. आठवड्यातून एक दिवस असं काही प्यायल्यानं नाकातून रक्त येईल एवढा दाब कसा चढेल?

मी विचारलं, ‘‘सोमवारीच का?’’

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी या मुलखातली नव्हेच. ‘‘बाई, सोमवारी बैलाला काय घालतो आपण?’’

‘‘पेंड. भरडा.’’

‘‘मंग? आठवडाभर राबल्यालं शरीर हाय. त्या दिवशी त्याला ताकद द्याची आन् वझं काढायचं.’’

‘‘ओझं म्हणजे?’’

‘‘गोळ्या,’’ अप्पा म्हणाले. ‘‘डॉक्टरच्या गोळ्या. सोमवारी न्हाय घेत म्या. मुक्या जनावराला सुट्टी देतो, मंग ह्या काळजाला एक दिस नगं?’’

मी ताटावरून उठले. हात धुवायचंही सुचलं नाही.

‘‘एकही नाही घेत? सकाळची? रात्रीची?’’

‘‘एक बी न्हाय.’’

‘‘डॉक्टरांनी विचारलं होतं, रोज घेता का. तुम्ही हो म्हणालात.’’

‘‘औत रोज चालू हाय म्हणताना सोमवार कोन मोजतंय?’’ ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या लेखी त्यांनी काहीच लपवलं नव्हतं.

मी डॉक्टरांना फोन लावला. गावात रेंज नीट नव्हती. अंगणात बैलांच्या शेजारी उभी राहून ओरडून सांगत होते. पलीकडून डॉक्टरांचा आवाज बदलला. नव्यानं दिलेली गोळी एकदम बंद करायची नसते, एक दिवस चुकली तरी दाब उसळून वर येतो, आधी होता त्याच्याही वर, असं ते म्हणाले. ‘‘आत्ता किती आहे बघा. आणि चुकलेल्या गोळ्या एकदम देऊ नका.’’

मी यंत्राचा पट्टा अप्पांच्या दंडाला बांधला. आकडा दोनशेच्या वर गेला. मी पुन्हा बघितला. तोच.

‘‘अप्पा, डोकं दुखतंय का?’’

‘‘सोमवारी सांजंला दुखतंच. आज जरा लवकर धरलंय.’’ त्यांनी डावा हात झटकला. ‘‘हाताला मुंग्या येत्यात सकाळधरनं.’’

‘‘आत्ताच्या आत्ता उमरग्याला निघायचं.’’

‘‘उद्या येतोच की मंगळवारी.’’

‘‘उद्यापर्यंत वेळ नाही, अप्पा!’’ माझा आवाज चढला. बसवराज गाडीची किल्ली शोधायला आत पळाला. पण अप्पा खाटेवरून हलायला तयार नव्हते. मी पक्षाघाताचं सांगितलं, मेंदूतल्या रक्तवाहिनीचं सांगितलं, शिकलेलं होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले. ‘‘माझ्या बापानं सोमवार मोडला न्हाय. त्याच्या बापानं न्हाय. तुमी शिकल्याल्या आहात, बाई, पर ह्ये तुमाला न्हाय कळायचं.’’ अव्वा पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. नवऱ्याला कधी काही सांगितलेलं नसावं, तर आज कुठून सांगणार?



तेव्हा सुवर्णा पुढं आली. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सारखा करत, पण नजर खाली न घालता.

‘‘अप्पा, सोमवारी बैलाला जुंपत नाहीत. पण पाणी दाखवायचं बंद करतो का आपण?’’

अप्पांची हलती मान थांबली.

‘‘वैरण बंद करतो का? सोमवार हाय म्हणून दावणीला उपाशी मारतो का त्याला? गोळी म्हणजे जू नाही अप्पा. गोळी म्हणजे पाणी हाय. ते एक दिवस बी तोडायचं नसतंय.’’

बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली. अप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठायचा प्रयत्न केला. डावा हात सरकला. बसवराजनं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं सुवर्णाच्या वडिलांनी. मुलीला न्यायला आलेला तो माणूस टोपी खाली टाकून व्याह्याच्या बगलेत शिरला.

गाडीत मी अप्पांशेजारी बसले. रस्ता खड्ड्यांचा. मी त्यांच्याशी बोलत होते आणि ते उत्तरं देताहेत ना, जीभ अडखळत नाही ना, हे बघत होते. गावाबाहेर पडेपर्यंत उत्तरं नीट आली. हायवेला लागलो आणि एक शब्द घसरला. बसवराजनं आरशातून मागं बघितलं. मी त्याला खूण केली : पुढं बघ. ट्रकांच्या रांगेतून तो कसा गाडी काढत होता, ते आठवलं तरी माझ्या मुठी आवळतात.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर उभेच होते. अप्पांना आत घेतलं. दाब हळूहळू उतरवावा लागतो, एकदम उतरवला तरी धोका असतो. त्यामुळं आम्हाला बाहेर फक्त थांबायचं होतं. अव्वा, सुवर्णा आणि तिचे वडील मागून दुसऱ्या गाडीनं आले. बाकावर बसले. पिशवी सुवर्णाच्या पायाशी.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. वेळेत आणलंत, म्हणाले. डाव्या हातात थोडी अशक्ती राहील, व्यायामानं सुधारेल. अव्वा भिंतीला टेकून खालीच बसल्या.

आम्हाला आत सोडलं. अप्पा उशीला टेकून होते. चेहरा उतरलेला, पण शुद्धीत. भाऊबंद जमू लागले होते. त्यातला एक जण म्हणाला, ‘‘काय पथ्य पाळलं न्हाय का घरात? मीठ-बीठ?’’

सुवर्णाचे वडील पुन्हा हात जोडू लागले. त्यांना सवयच लागली होती.

‘‘हात खाली घ्या पाव्हणं,’’ अप्पा म्हणाले. जीभ जड होती. एकेक शब्द सावकाश काढून ठेवत होते. ‘‘मीठ... हिनं घातलं न्हाय. कवाच न्हाय. गोळी म्या घेत नव्हतो. समद्यांनी ऐका. म्या घेत नव्हतो. आन् हिला बोलत व्हते तवा गप बसलो.’’

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. अव्वांनी कमरेची किल्ली काढली, सुवर्णापुढं धरली. सुवर्णानं किल्लीकडं बघितलं. घेतली नाही.

‘‘मी आठ दिवस बाबांबरोबर जाऊन येते,’’ ती म्हणाली. ‘‘मला कुणी पाठवलं म्हणून नाही. माझं मी चाललेय, आन् माझी मी येईन.’’

‘‘मग ह्यांच्या सैपाकाचं?’’ अव्वांनी घाबरून विचारलं.

सुवर्णानं पिशवी उचलली. दारात वळून ती पहिल्यांदाच हसली.

‘‘मीठ तेवढं घालायचं नाही, अव्वा. जमेल तुम्हाला.’’